सायकोसिस, मेंदूतला दाह आणि स्कॅन: नाशिकमधून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती दोघांसाठी आहे: ज्यांच्या घरात कुणाला अचानक भास, टोकाचा संशय, असंबद्ध बोलणं, म्हणजेच सायकोसिस, सुरू झालं आहे ते नातेवाईक, आणि सिन्नर, कळवण, येवला, सुरगाण्यासारख्या ठिकाणी असा रुग्ण सगळ्यात आधी पाहणारे फॅमिली डॉक्टर. औषधांचे डोस जिथे दिले आहेत ते डॉक्टरांसाठी आहेत.

मुलाला भास होतात. मेंदूला सूज आहे का, हे स्कॅनमध्ये कळेल का?

या प्रश्नात दोन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात.

पहिली म्हणजे एन्केफलायटिस, मेंदूचा खराखुरा दाह. तो विषाणूमुळे होतो, टीबीमुळे होतो, किंवा शरीराच्याच अँटिबॉडी मेंदूवर उलटल्यामुळे होतो. सुरुवात हुबेहूब मानसिक आजारासारखी होऊ शकते. एमआरआय, ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) आणि पाठीतल्या पाण्याची, म्हणजे मेंदू-मणक्याभोवतीच्या सीएसएफ द्रवाची, तपासणी एकत्र केली तर तो बहुधा सापडतो, आणि वेळेत सापडला तर बराही होऊ शकतो.

दुसरी गोष्ट संशोधनातली. स्किझोफ्रेनियाच्या, म्हणजे दीर्घकाळ चालणाऱ्या सायकोसिसच्या आजाराच्या, काही रुग्णांत मेंदूतल्या मायक्रोग्लिया, म्हणजे तिथल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, सौम्य पण दीर्घकाळ चाळवलेल्या असतात का, याचा शोध बरीच वर्षं चालू आहे. हा सौम्य दाह एकेका रुग्णात मोजून त्यावर उपचार ठरवता येईल असा स्कॅन आज नाशिकात नाही, मुंबईत नाही, जगात कुठेही नाही. तसा कुणी दावा केला तर पैसे भरण्याआधी दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञाचं मत घ्या.

आमचा सगळा आग्रह पहिल्या गोष्टीसाठी आहे. असे रुग्ण थोडे असतात, पण त्यांच्या बाबतीत एकेक दिवस मोलाचा असतो.

मग कुणाची तपासणी तातडीने करायची?

तीन महिन्यांच्या आत झपाट्याने वाढलेला सायकोसिस आणि त्याच्या जोडीला पुढचं एक जरी लक्षण असेल तरी थांबू नका: फिट येणं, शुद्ध हरपणं किंवा गुंगी, तोंडाच्या, जिभेच्या, हातांच्या विचित्र हालचाली, कॅटाटोनिया, म्हणजे एकाच स्थितीत ताठ बसून राहणं, स्मरण आणि बोलणं सायकोसिसच्या मानाने फारच ढासळणं, बीपी, नाडी, तापमान विनाकारण वरखाली होणं, शरीरात गाठ असल्याचं माहीत असणं. आणखी एक खूण हमखास नजरेतून सुटते. सायकोसिसचं औषध अगदी थोडं दिल्यावर रुग्ण ताठरला, ताप चढला, तर औषध 'सोसलं नाही' एवढ्यावर सोडू नका. अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्केफलायटिसचे (शरीराच्या अँटिबॉडी मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरवर उलटल्याने होणाऱ्या दाहाचे) रुग्ण या औषधांना बऱ्याचदा असेच प्रतिसाद देतात.

हा आजार २००७ साली नीट ओळखला गेला. तो तरुण मुलींत जास्त दिसतो आणि काहींच्या अंडाशयात टेराटोमा नावाची गाठ सापडते. म्हणून पोटाची सोनोग्राफी किंवा ओटीपोटाचा एमआरआय राहून जाता कामा नये. २०१६ मध्ये ऑटोइम्यून (शरीराच्याच प्रतिकारशक्तीमुळे होणाऱ्या) एन्केफलायटिसचे आणि २०२० मध्ये ऑटोइम्यून सायकोसिसचे निकष प्रसिद्ध झाले. वरची यादी त्याच धर्तीची आहे.

आपल्या भागासाठी दोन गोष्टी जोडतो. द्राक्षबागेत किंवा शेतात फवारणी करून आलेला माणूस अचानक बरळू लागला तर आधी डोळ्यांच्या बाहुल्या, घाम आणि लाळ बघा. ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकांची विषबाधा स्कॅनमध्ये दिसत नाही, ती रुग्णाकडे पाहून ओळखावी लागते. आणि रोज दारू पिणाऱ्याने दोन-तीन दिवसांपूर्वी अचानक दारू सोडली असेल तर तेही डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा.

ताप, डोकेदुखी आणि भास एकदम सुरू झाले. स्कॅनची तारीख परवाची मिळाली. थांबावं का?

नाही. हर्पिस एन्केफलायटिसची, म्हणजे हर्पिस विषाणूमुळे होणाऱ्या मेंदूच्या दाहाची, शंका असेल तर असायक्लोव्हिर शिरेतून, किडनीचं काम ठीक असल्यास दर किलो वजनाला १० मिलिग्रॅम दर ८ तासांनी, रिपोर्टची वाट न पाहता सुरू करतात. पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या घरांना आमची विनंती आहे: भगताला विचारायचं असेल तर विचारा, पण ताप किंवा फिट असेल तर आधी गाडी नाशिकच्या वाटेला लावा.

पहिल्यांदाच सायकोसिस झालेल्या प्रत्येकाचा एमआरआय काढावा का?

यावर तज्ज्ञांत एकमत नाही. २०२३ साली अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या सायकोसिसच्या सुमारे ६ टक्के रुग्णांत उपचारांच्या दृष्टीने महत्त्वाचं काही सापडलं होतं. आमचं मत असं, की आपल्याकडे मेंदूचा टीबी आणि न्यूरोसिस्टिसर्कोसिस (पट्टकृमीच्या अळ्यांमुळे मेंदूत होणाऱ्या गाठी) या दोन गोष्टी असताना एक चांगला एमआरआय एकदा काढून ठेवावा. दर सहा महिन्यांनी पुन्हा पुन्हा काढण्यात मात्र काही हशील नाही.

एमआरआयच्या चिठ्ठीवर काय लिहावं?

नुसतं 'एमआरआय ब्रेन' लिहिलं की नेहमीचा साधा स्कॅन होतो आणि टेम्पोरल लोबच्या (मेंदूच्या कानशिलाजवळच्या भागाच्या) आतल्या बाजूचा सूक्ष्म बदल पाच मिलिमीटर जाडीच्या कापांमध्ये हरवतो. चिठ्ठी अशी असावी: 'वय २२, स्त्री, १८ दिवसांपासून सायकोसिस, ४ दिवसांपूर्वी एक फिट, ऑटोइम्यून एन्केफलायटिसची शंका. कृपया थ्रीडी टी१, थ्रीडी फ्लेअर, टेम्पोरल लोबसाठी कोरोनल फ्लेअर, एडीसीसह डिफ्यूजन, एसडब्ल्यूआय; क्रिएटिनिन ठीक असल्यास कॉन्ट्रास्ट.'

फिट कधी आली हे लिहिणं फार महत्त्वाचं. नुकत्याच आलेल्या फिटमुळेही हिप्पोकॅम्पस, म्हणजे टेम्पोरल लोबमधला स्मरणाचा भाग, काही दिवस पांढरा चमकतो, आणि मग दाह कोणता नि फिटचा परिणाम कोणता हे रेडिओलॉजिस्टला ठरवता येत नाही. तसंच पाठीतलं पाणी आधीच काढलं असेल तर तारीख लिहा. पाणी काढल्यावर मेंदूवरचं आवरण कॉन्ट्रास्टने सगळीकडे सारखं उजळू शकतं आणि ते मेनिंजायटिससारखं, म्हणजे त्या आवरणाच्या दाहासारखं, दिसतं. जमेल तेव्हा आधी एमआरआय, मग पाणी, असा क्रम ठेवा. पण मेनिंजायटिसची दाट शंका असेल तर एमआरआयच्या तारखेसाठी पाणी काढणं अडवू नका.

कॉन्ट्रास्ट म्हणजे गॅडोलिनियम, दर किलोला ०.१ मिलिमोल. ईजीएफआर (किडनीच्या कामाचं मोजमाप) ३० च्या खाली असेल तर आधी रेडिओलॉजिस्टशी बोला.

१.५ टेस्ला (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीन चालेल का, असं हमखास विचारलं जातं. चालेल. हलत्या रुग्णाच्या ३ टेस्लापेक्षा स्थिर रुग्णाचा १.५ टेस्ला कधीही बरा.

रुग्ण मशीनमध्ये पाच मिनिटंसुद्धा पडून राहत नाही. काय करावं?

पूर्ण तपासणीला २५ ते ४० मिनिटं लागतात आणि आवाज मोठा असतो. ज्याला आधीच आवाज ऐकू येतात, कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवतंय असं ज्याला वाटतं, त्याला त्या बोगद्यात ढकलणं ही साधी गोष्ट नाही. आदल्या दिवशी मोबाइलवर मशीनचा आवाज ऐकवा, कानात बोळे घालणार हे सांगून ठेवा, हातात देतात ती घंटी आधी दाबून पाहू द्या. ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे असा एकच माणूस सोबत असावा. धातू नसल्याची खात्री करून त्याला आत पायाशी उभं राहू देतात. चार जणांनी चारही बाजूंनी समजावलं की रुग्ण जास्त बिथरतो.

टेक्निशियनला आधीच सांगा, 'डिफ्यूजन आणि फ्लेअर सगळ्यात आधी घ्या.' मग रुग्ण अर्ध्यात उठला तरी कामाचा भाग हाती असतो.

तरीही जमत नसेल तर गुंगीचं औषध. त्यासाठी घन पदार्थ ६ तास आणि साधं पाणी २ तास बंद, भूलतज्ज्ञ हजर, ऑक्सिजनचं मोजमाप चालू. घरून गोळी देऊन आणू नका. आधीच गुंगीत असलेल्या एन्केफलायटिसच्या रुग्णाचा श्वास मंदावू शकतो.

जाताना अंगावरचं काय काढावं?

धातूचं सगळं. मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, कडं, हेअरपिन, चेन असलेला कपडा. करगोट्याला बांधलेला ताईत लोक हमखास विसरतात. तो काढायला रुग्णाचा विरोध असेल तर घरच्या मोठ्यांनी आदल्या रात्रीच तो समजुतीने काढून देवघरात ठेवावा. आयत्या वेळी दारात ओढाताण झाली की तारीख वाया जाते. पेसमेकर, कानातलं इम्प्लांट, डोळ्यात कधी गेलेला लोखंडाचा कण (वेल्डिंग करणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठी), तांबी, सगळं टेक्निशियनला सांगा.

एमआरआय नॉर्मल आला. म्हणजे एन्केफलायटिस नाही ना?

तसं म्हणता येत नाही. अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्केफलायटिसच्या निम्म्याहून जास्त रुग्णांचा एमआरआय नॉर्मल असतो. ईईजी मात्र बहुतेकांचा बिघडलेला असतो. पाठीतल्या पाण्यात दर मायक्रोलिटरला ५ पेक्षा जास्त पांढऱ्या पेशी ही महत्त्वाची खूण. अँटिबॉडीची तपासणी पाणी आणि रक्त दोन्हींवर करायची, कारण नुसतं रक्त तपासलं तर साधारण १५ टक्के रुग्ण निसटतात. पाणी काढतानाच दोन मिलिलिटर जास्त घेऊन थंड ठेवलं तर पुन्हा सुई टोचावी लागत नाही. याच पाण्यावर टीबीची तपासणीही मागा.

रिपोर्टमध्ये 'नॉन-स्पेसिफिक व्हाइट मॅटर हायपरइंटेन्सिटीज' लिहिलंय. हाच दाह का?

बहुतेक वेळा नाही. असे बारीक ठिपके अर्धशिशी, बीपी, मधुमेह, धूम्रपान आणि नुसतं वाढतं वय यांमुळेही दिसतात. 'माइल्ड प्रॉमिनन्स ऑफ सीएसएफ स्पेसेस' किंवा 'अरॅक्नॉइड सिस्ट' या शब्दांनीही घरात रडारड होते आणि बहुधा त्यातून काही निघत नाही.

काळजीचे शब्द वेगळे आहेत: 'बायलॅटरल मीजिअल टेम्पोरल हायपरइंटेन्सिटी', 'लेप्टोमेनिंजिअल एन्हान्समेंट', 'रिस्ट्रिक्टेड डिफ्यूजन', 'रिंग एन्हान्सिंग लीजन'. यातला कुठलाही दिसला तर पुढच्या फॉलोअपची वाट पाहू नका, त्याच दिवशी न्यूरोलॉजिस्टला फोन करा. रिंग दिसली की आपल्याकडे आधी टीबीची गाठ आणि सिस्टिसर्कस (पट्टकृमीची अळी) यांचा विचार होतो. आत ठिपक्यासारखं डोकं दिसलं तर कौल सिस्टिसर्कसकडे झुकतो.

एफडीजी पेट स्कॅनने दाह दिसतो का?

थेट नाही. एफडीजी हे ग्लुकोजसारखं किरणोत्सारी औषध टोचून मेंदूचा कोणता भाग किती ग्लुकोज वापरतोय एवढंच तो दाखवतो. पण त्या नकाशातून अंदाज बांधता येतो. अँटी-एनएमडीए आजारात डोक्याच्या मागच्या, ऑक्सिपिटल भागाचा वापर ठळकपणे घटतो. एलजीआय१ अँटिबॉडीच्या आजारात, म्हणजे दुसऱ्या एका ऑटोइम्यून एन्केफलायटिसमध्ये, बेसल गँग्लिया (मेंदूच्या खोलातला भाग) किंवा टेम्पोरल लोबची आतली बाजू जास्त पेटलेली दिसू शकते. एमआरआय नॉर्मल आणि शंका दाट, अशा वेळी हा स्कॅन कामी येतो. साध्या स्किझोफ्रेनियासाठी तो काढू नये.

तयारी काटेकोर लागते. ४ ते ६ तास उपाशी, पाणी चालतं. साखर २०० च्या वर असेल तर पुढची तारीख, कारण रक्तातलं ग्लुकोज आणि एफडीजी एकाच वाटेने मेंदूत शिरतात. इंजेक्शनच्या आधी आणि नंतर अर्धा तास मंद उजेडाच्या शांत खोलीत, न बोलता, मोबाइलशिवाय. गुंगीचं औषध द्यायचंच असेल तर इंजेक्शननंतर किमान २० मिनिटांनी. आधी दिलं तर सगळ्या मेंदूचाच वापर घटलेला दिसतो आणि तो आजार समजला जातो. त्या अर्ध्या तासात फिट आली तर वेळ लिहून द्या. स्टेरॉइड आणि सायकोसिसची औषधं यांनीही चित्र बदलतं, म्हणून औषधांची यादी डोससह न्या.

तारीख मिळालेल्या दिवशी तासभर आधी पोहोचा. एफडीजीमधल्या किरणोत्सारी फ्लोरिन-१८ चं अर्धआयुष्य, म्हणजे ते निम्मं उरायला लागणारा वेळ, ११० मिनिटं असतं. मुंबईहून औषध घेऊन गाडी कसारा घाटातून साडेतीन तासांत आली तरी निघालेल्या औषधाचा साधारण पाव भागच उरलेला असतो. केंद्र त्या हिशेबानेच औषध मागवतं, पण रुग्ण तासभर उशिरा आला तर तो हिशेब कोलमडतो.

इंटरनेटवर टीएसपीओ पेट वाचलं. तो मायक्रोग्लियाचा दाह दाखवतो म्हणे. नाशिकला का होत नाही?

टीएसपीओ हे मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या भागाच्या, बाहेरच्या आवरणातलं एक प्रथिन. मायक्रोग्लिया चाळवल्या की ते वाढतं, असं मानून त्याला चिकटणारी किरणोत्सारी रसायनं बनवली गेली: आधी पीके१११९५, नंतर पीबीआर२८, एफईपीपीए, डीपीए-७१४.

यातल्या पीके१११९५ आणि पीबीआर२८ मध्ये कार्बन-११ असतो. त्याचं अर्धआयुष्य २० मिनिटं. मुंबईहून साडेतीन तासांत आणलं तर हजारातला एक भागही उरणार नाही. म्हणजे सायक्लोट्रॉन (असं किरणोत्सारी द्रव्य बनवणारं यंत्र) आणि स्कॅनर एकाच आवारात हवेत. पण सायक्लोट्रॉन नाही एवढीच अडचण असती तर आम्ही मुंबईची वाट दाखवली असती. खरी अडचण मोजण्यात आहे.

टीएसपीओ मेंदूत सगळीकडे थोडंथोडं असतं, त्यामुळे 'इथे अजिबात नाही' असा तुलनेचा भाग सापडत नाही. मग मनगटाच्या धमनीत नळी घालून सुमारे ९० मिनिटं रक्ताचे नमुने घ्यायचे, त्यातलं न बदललेलं रसायन किती हे प्रयोगशाळेत वेगळं काढायचं आणि त्यावरून वितरण-आकारमान, म्हणजे व्हीटी (रक्ताच्या तुलनेत मेंदूत किती रसायन साठलं याचा आकडा), काढायचं. शिवाय टीएसपीओच्या जनुकात आरएस६९७१ नावाचा एक फरक असतो. त्यानुसार माणसं घट्ट, मध्यम किंवा सैल चिकटणारी ठरतात. पीबीआर२८ साठी दोन टोकांतला फरक सुमारे ५० पट आहे. ही जनुक तपासणी न करता दोन माणसांचे स्कॅन शेजारी ठेवले तर दाहाऐवजी जन्मजात फरकच मोजला जाईल.

औषधंही आड येतात. डायझेपाम स्वतःच टीएसपीओला चिकटतं. धूम्रपान करणाऱ्यांत मोजमाप कमी येतं, आणि सायकोसिसच्या रुग्णांत बिडी-सिगारेटचं प्रमाण जास्त असतं.

मग त्या अभ्यासांतून निघालं काय?

२००८ आणि २००९ साली नेदरलँड्समधल्या दोन छोट्या अभ्यासांत (रुग्ण अनुक्रमे १० आणि ७) पीके१११९५ जास्त चिकटलेलं दिसलं. २०१६ मध्ये लंडनच्या अभ्यासात पीबीआर२८ जास्त आढळलं, आणि ते आजार अजून पूर्ण न उमटलेल्या पण धोक्यात असलेल्या तरुणांतही. बातम्या याच्याच झाल्या. पण त्या अभ्यासात व्हीटी थेट न वापरता संपूर्ण मेंदूच्या व्हीटीशी केलेलं गुणोत्तर वापरलं होतं. टोरांटोमध्ये एफईपीपीए वापरून फरक दिसला नाही. २०१७ साली स्टॉकहोममध्ये औषध सुरू न झालेल्या रुग्णांत पीबीआर२८ उलट कमी निघालं. २०१८ मध्ये ७५ रुग्ण आणि ७७ निरोगी लोकांची माहिती एकत्र केली तेव्हाही व्हीटी कमीच होतं. २०१९ च्या आढाव्यात दिसलं की कोणतं मोजमाप निवडलं यावर उत्तर ठरतं.

त्यात आणखी मुळाची गोष्ट पुढे आली. उंदरांच्या मायक्रोग्लिया चाळवल्या की टीएसपीओ वाढतं. माणसांच्या मायक्रोग्लियात तसं होताना दिसत नाही. शिवाय ते ॲस्ट्रोसाइट नावाच्या मेंदूतल्या दुसऱ्या पेशींमध्ये आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातही असतं. म्हणून आकडा वाढला तर 'दाह' आणि घटला तर 'दाह नाही' असा सरळ अर्थ लावणं आम्हाला चुकीचं वाटतं. संशोधक आता सीएसएफ१आर, पी२एक्स७, एमएओ-बी अशी वेगळी प्रथिनं लक्ष्य म्हणून तपासत आहेत.

एमआरआयवरच दाह मोजायची काही पद्धत आहे का?

संशोधनात आहे. 'फ्री वॉटर' पद्धतीत डिफ्यूजन स्कॅनवरून पेशींबाहेरच्या मोकळ्या पाण्याचं प्रमाण काढतात. २०१२ मध्ये पहिल्या सायकोसिसच्या रुग्णांत ते मेंदूभर वाढलेलं दिसलं. पण पाणी दाहाने वाढलं की पेशी आक्रसल्याने, हे त्यावरून सांगता येत नाही. दुसरी पद्धत स्पेक्ट्रोस्कोपीची. तिच्यात मायो-इनॉसिटॉल, कोलीन, ग्लुटाथायोन ही मेंदूतली रसायनं मोजतात. दोन्हींत डोकं जरासं हललं तरी आकडे बिघडतात. दवाखान्यात यावर काही ठरवू नये.

रक्तातलं सीआरपी वाढलंय. मेंदूत दाह आहे का?

सीआरपी हे शरीरात कुठेही दाह असला की रक्तात वाढणारं प्रथिन. ते दातदुखीने, लघवीच्या संसर्गाने, लठ्ठपणानेही वाढतं. आधी ते कारण शोधा.

मग दाह कमी करणारं औषध देऊन बघायला काय हरकत?

हरकत आहे. मिनोसायक्लिन या दाह कमी करू शकणाऱ्या अँटिबायोटिकची पहिल्या काही वर्षांतल्या स्किझोफ्रेनियासाठी ब्रिटनमध्ये २०७ रुग्णांवर वर्षभर चाचणी झाली. २०१८ मध्ये निकाल आला, फायदा दिसला नाही. स्टेरॉइडचं तर उलटच: प्रेडनिसोलोन रोज ४० मिलिग्रॅमच्या वर गेलं की स्टेरॉइडमुळेच सायकोसिस होण्याचा धोका वाढत जातो.

ऑटोइम्यून एन्केफलायटिस असेल तर मात्र हीच स्टेरॉइडं आजार आटोक्यात आणतात: मिथाइलप्रेडनिसोलोन रोज १ ग्रॅम शिरेतून ३ ते ५ दिवस, सोबत किंवा नंतर इम्युनोग्लोब्युलिन रोज दर किलोला ०.४ ग्रॅम असं पाच दिवस, किंवा प्लाझ्मा एक्स्चेंज. म्हणून आधी पाणी आणि ईईजी, मग स्टेरॉइड. आणि कुठल्याही स्कॅनच्या आशेने सायकोसिसची चालू औषधं स्वतःहून बंद करू नका. आजार उलटण्याचं ते सगळ्यात मोठं कारण आहे.

वारंवार स्कॅनने किरणोत्सर्गाचा त्रास होईल का?

एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नसतोच. मेंदूच्या एफडीजी पेटमध्ये १८५ मेगाबेकरेल दिलं तर साधारण ३.५ मिलिसिव्हर्ट, आणि वर सीटीचा थोडा भाग. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळतातच. गरोदरपणाची शक्यता असेल तर आधी सांगा. अंगावर पाजणाऱ्या आईने बाळाला किती तास जवळ घ्यायचं नाही, हे केंद्रातून लिहून घ्या.

खर्चाचं काय?

योजनेतलं रुग्णालय असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधीच भेटा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

आम्ही संशोधनातल्या स्कॅनसाठी नाव द्यावं का?

द्यायला हरकत नाही, पण त्यातून तुमच्या माणसाचं निदान होणार नाही हे मनाशी पक्कं करून. नैतिक समितीची मंजुरी दाखवायला सांगा. धमनीत नळी घालणार का, गोळ्या थांबवायला लावणार का, आणि स्कॅनमध्ये अनपेक्षित काही सापडलं तर कोण कळवणार, हे तीन प्रश्न विचारा. संमती समजून देता येईल अशा स्थितीत रुग्ण असेल तर सही त्याचीच हवी. मध्येच 'नको' म्हटल्याने चालू उपचारांवर परिणाम होता कामा नये.

कागदपत्रं कशी सांभाळावी?

फिल्मवर समाधान मानू नका, स्कॅनच्या मूळ डिजिटल (डायकॉम) फाइलींची सीडी किंवा लिंक मागा. दुसरा तज्ज्ञ फिल्मवरून टेम्पोरल लोब मोजू शकत नाही. एका वहीत तारखेनिशी लिहा: पहिलं लक्षण, ताप, फिट, प्रत्येक औषध कधी सुरू झालं आणि किती मिलिग्रॅम, पाणी कधी काढलं. रात्री-अपरात्री मानसिक त्रास वाढला आणि कुणाशी बोलावं हे सुचत नसेल तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. फिट किंवा बेशुद्धी असेल तर १०८.